छावणीतलं पाळणाघर : अमेरिकी सैन्यदलांच्या बालविकास केंद्रांची वाटचाल

संस्थेचा इतिहास लिहायचा म्हणजे संस्थापकांपासून सुरुवात करायची, अशी आपल्याकडच्या स्मरणिकांची रीत आहे. या लेखातल्या संस्थेला मात्र एक असा संस्थापक नाही. अमेरिकेच्या सैन्यदलांनी देशातल्या आणि परदेशातल्या आपल्या तळांवर चालवलेली बालविकास केंद्रं हा आज जगातल्या मोठ्या बालसंगोपन व्यवस्थांपैकी एक पसारा आहे. सहा आठवड्यांच्या बाळापासून बारा वर्षांच्या मुलापर्यंत सर्वांची सोय या व्यवस्थेत होते. ती उभी राहिली जवानांच्या बायकांच्या बिनपगारी कष्टांवर, आणि सावरली १९८९ च्या एका कायद्यानं. बालवाडी, पाळणाघर किंवा अंगणवाडी चालवणाऱ्या, आणि सैनिकांच्या घरांसाठी काही करू पाहणाऱ्या आपल्याकडच्या माणसांनी तिची घडण जरूर जाणून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. लहान मुलांना सांभाळण्याचं काम ‘सेवा’ या एका शब्दावर किती काळ तगतं आणि कुठे कोसळतं, हे या इतिहासात लख्ख दिसतं.

दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा अमेरिकी सैनिक बहुधा अविवाहित असे. तुला बायको असावी असं सैन्याला वाटलं असतं, तर गणवेशाबरोबर तीही दिली असती, अशी एक जुनी म्हण तिथल्या बराकींमध्ये चाले. कुटुंब ही सैनिकाची खासगी बाब होती. सैन्याचा तिच्याशी संबंध नव्हता. तरी तळांवर संसार होतेच, मुलं होतीच. अधिकाऱ्यांच्या आणि शिपायांच्या बायकांची मंडळं असत. त्यांनीच मुलांना तास-दोन तास ठेवण्याची सोय सुरू केली. दवाखान्यात जायचं असेल, बाजार करायचा असेल, एखाद्या समारंभाला जायचं असेल, तेवढ्यापुरतं मूल ठेवायचं, असा तो प्रकार. जागा म्हणजे युद्धकाळात घाईनं बांधलेल्या लाकडी बराकी, पत्र्याच्या अर्धगोल शेड, क्वचित जुने तबेलेसुद्धा. खेळणी कुणाच्या तरी घरून आलेली, पडदे कुणीतरी शिवलेले. या बायकांनी जे केलं ते अपुऱ्या साधनांत केलं आणि मायेनं केलं. त्यांच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

या स्वयंसेवेला पहिल्यांदा संघटित रूप आलं १९६५ साली. लष्करातल्या स्त्री-दलाच्या अधिकारी लेफ्टनंट कर्नल एमा मेरी बेयर्ड यांच्या पुढाकारानं ‘आर्मी कम्युनिटी सर्व्हिस’ ही कुटुंबसेवा तळोतळी सुरू झाली. व्हिएतनाम युद्ध पेटत होतं. नवरा दूर गेलेला आणि बायको नव्या गावात एकटी, अशी घरं वाढत होती. या सेवेचा कणा होत्या स्वयंसेविका. त्यांचं एक काम मला फार आवडतं. तळावर नव्यानं आलेल्या कुटुंबाचं सामान अजून मालवाहू गाडीतच असे. तेव्हा या सेवेच्या कोठारातून त्यांना स्वयंपाकाची भांडी, ताटल्या, इस्त्री आणि बाळाचा पाळणा उसना मिळे. सामान आलं की परत करायचं. ज्या बाईनं कालपरवा हीच अडचण सोसली होती, तीच टेबलामागे बसून वहीत नोंद करत असे. बदलीचा संसार काय असतो ते तिला कुणी समजावून सांगावं लागत नव्हतं. उत्कृष्ट स्वयंसेवेसाठी लष्कर जो पुरस्कार देतं, त्याला आज बेयर्डबाईंचंच नाव आहे. पुढे १९६९ साली मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस गावी काही सैनिकपत्नी आणि विधवा एकत्र आल्या. निवृत्त सैनिक वारला की त्याचं निवृत्तिवेतन त्याच्याबरोबर संपे आणि बायको रिकाम्या हातानं उरे. त्या अन्यायाविरुद्ध त्यांनी संसदेचे उंबरठे झिजवले. १९७२ मध्ये वारसांसाठी निवृत्तिवेतनाची योजना आली. त्यांचीच संघटना आज ‘नॅशनल मिलिटरी फॅमिली असोसिएशन’ म्हणून काम करते.

बालसंगोपनाचा प्रश्न मात्र १९७३ नंतर खऱ्या अर्थानं दारात येऊन उभा राहिला. त्या वर्षी सक्तीची सैन्यभरती बंद झाली. आता स्वेच्छेनं येणाऱ्यांवर सैन्य चालवायचं होतं. असे लोक यायचे आणि टिकायचे तर त्यांना लग्न, मुलंबाळं, घर या सगळ्यांसह सामावून घेणं भाग होतं. स्त्रिया मोठ्या संख्येनं भरती होऊ लागल्या, नवरा-बायको दोघंही गणवेशात अशी जोडपी दिसू लागली, एकट्यानं मूल वाढवणारे सैनिकही आले. पहाटे कवायतीला हजर व्हायचं तर तान्हं मूल कुणाच्या हाती द्यायचं? तास-दोन तासांची ती जुनी सोय या प्रश्नापुढे तोकडी पडली. १९८० मध्ये सैनिकपत्नींनी वॉशिंग्टनमध्ये लष्करी कुटुंबांची परिषद भरवली आणि आपली गाऱ्हाणी थेट वरिष्ठांपुढे ठेवली. १९८३ मध्ये लष्करप्रमुख जनरल जॉन विकहॅम यांनी ‘द आर्मी फॅमिली’ हे धोरणपत्र काढलं. सैन्य कुटुंबाचं काही देणं लागतं, हे त्यात पहिल्यांदा अधिकृतपणे मान्य झालं.

धोरण मान्य झालं, तरी पाळणाघरांची अवस्था वाईटच होती. १९८२ मध्येच सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयानं संसदेला अहवाल दिला होता. अनेक केंद्रांच्या इमारती आगीपासून सुरक्षिततेच्या साध्या नियमांतही बसत नव्हत्या. मुलांमागे किती बायका असाव्यात, त्यांना काय यावं, मुलांनी दिवसभर काय करावं, याला एकसारखं प्रमाण नव्हतं. पगार इतका तुटपुंजा की तळावरच्या दुकानात किंवा उपाहारगृहात जागा निघाली की बाई पाळणाघर सोडून तिकडे जाई. काही तळांवर नोकरी सोडण्याचं प्रमाण वर्षाला तीनशे टक्क्यांपर्यंत पोचलं होतं. म्हणजे एका जागेवर वर्षभरात तीन-तीन बायका येऊन गेल्या. हे आकडे वाचताना मी त्या खोलीतल्या दहा महिन्यांच्या बाळाचा विचार करते. त्याला एकीच्या अंगाचा वास, तिचा आवाज, तिची झोपवण्याची पद्धत ओळखीची होते, तोवर ती गेलेली असते. घरी बापही मोहिमेवर गेलेला. बाळाच्या आयुष्यातली माणसं अशी एकामागून एक दिसेनाशी होणं ही लहानसहान गोष्ट नव्हे. बालमानसाचा अभ्यास करणारे तेव्हाही हे सांगत होते.

त्यातच १९८४ मध्ये वेस्ट पॉइंट इथल्या आणि १९८६-८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रेसिडिओ तळाच्या केंद्रात मुलांशी गैरवर्तन झाल्याच्या तक्रारी आल्या. देश हादरला. आईबापांचा विश्वास उडाला. संसदेत सुनावण्या सुरू झाल्या. प्रतिनिधी बेव्हर्ली बायरन यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीपुढे आईबाप, अधिकारी आणि तज्ज्ञ बोलले. लष्कराच्या बालसेवांची धुरा दीर्घकाळ वाहिलेल्या एम. ए. लुकास आणि संरक्षण खात्यातल्या लिंडा स्मिथ यांची या काळातली कामगिरी मोलाची आहे. स्मिथबाईंची सुरुवात माँटाना राज्यात, नॉर्दर्न शायेन या आदिवासींच्या वस्तीवर बालशिक्षणाच्या कामात झाली होती. गरीब घरातल्या मुलाला चांगली बालवाडी मिळाली की काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलेलं होतं.

२९ नोव्हेंबर १९८९ रोजी संरक्षण खर्चाच्या वार्षिक विधेयकाचा भाग म्हणून ‘मिलिटरी चाइल्ड केअर अ‍ॅक्ट’ मंजूर झाला. एवढा मूलगामी कायदा रणगाडे आणि विमानांच्या हिशेबाबरोबर मंजूर व्हावा, याचं मला अजून नवल वाटतं. त्याची रचना बारकाईनं पाहण्यासारखी आहे. आईबापांकडून घ्यायची फी मुलाच्या वयावर नव्हे, तर घरच्या उत्पन्नावर ठरू लागली. तान्ह्या बाळाला सांभाळणं सर्वांत खर्चाचं, कारण चार बाळांमागे एक बाई लागते. नव्यानं भरती झालेल्या कोवळ्या शिपायाच्या घरीच बहुधा तान्हं बाळ असतं आणि त्याचाच पगार सर्वांत कमी. वयावर फी ठेवली असती तर ज्याला गरज जास्त त्यालाच परवडलं नसतं. फीतून जेवढी रक्कम जमेल, निदान तेवढीच भर सरकारनं घालायची, असं ठरलं. वर्षातून चार वेळा न कळवता तपासणी सक्तीची झाली. तक्रारीसाठी दूरध्वनीची सोय झाली. प्रत्येक केंद्रात पालकांचं मंडळ आलं.

पण कायद्याचा खरा प्राण होता पगाराचं कलम. मुलांना सांभाळणाऱ्या व्यक्तीला त्याच तळावरच्या तेवढंच प्रशिक्षण, तेवढाच अनुभव असलेल्या इतर कर्मचाऱ्यांइतकं वेतन मिळालं पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. आणि वेतनवाढ प्रशिक्षणाशी बांधली गेली. नवी बाई रुजू झाली की खालच्या श्रेणीवर येते. ठरलेल्या मुदतीत तिनं प्रशिक्षणाचे भाग पूर्ण करायचे. पूर्ण केले की श्रेणी वाढते, पगार वाढतो. केले नाहीत तर नोकरी राहत नाही. या प्रशिक्षणाचा आराखडा ‘चाइल्ड डेव्हलपमेंट असोसिएट’ या राष्ट्रीय प्रमाणपत्राला धरून आहे. सुरक्षितता आणि आरोग्यापासून मुलाची भाषा, शिस्त, कुटुंबाशी नातं इथपर्यंत त्याचे तेरा विभाग आहेत. प्रत्येक केंद्रात एक प्रशिक्षक नेमली गेली. तिनं वर्गात बसून व्याख्यान द्यायचं नाही. खोलीत येऊन उभं राहायचं. बाई बाळाला कशी उचलते, दुपटं बदलताना त्याच्याशी बोलते का, चावणाऱ्या दोन वर्षांच्या मुलाला कसं आवरते, हे पाहायचं आणि नंतर तिच्याबरोबर बसून त्यावर बोलायचं. शिकवण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही.

केंद्रांच्या इमारतीही बदलल्या. आज अशा केंद्रात पाऊल टाकलं तर आत जायला एकच दार असतं आणि तिथे नोंद होते. खोल्यांच्या भिंतींना आणि दारांना काचा असतात. बाहेरून जाणाऱ्याला आतलं सगळं दिसतं, शौचालयाकडचा भागही नजरेआड होत नाही. कुठलंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर नजरेआड एकटं राहू नये, हा नियम भिंतींमध्येच बांधलेला आहे. बाळांच्या खोलीत प्रत्येक पाळण्यावर नाव असतं, बाळ पाठीवरच झोपवलं जातं, किती वाजता दूध प्यायलं आणि किती वेळ झोपलं याची नोंद आईला संध्याकाळी मिळते. एक ते दोन वर्षांच्या मुलांच्या वर्गात पाचांमागे एक, दोन ते तीन वर्षांच्या वर्गात सातांमागे एक, त्याहून मोठ्यांच्या वर्गात बारांमागे एक व्यक्ती, असं प्रमाण असतं.

कायदा झाल्यावर वर्षाच्या आतच आखाती संकट उभं राहिलं. त्या युद्धात चाळीस हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रिया गेल्या. घरी राहिलेल्या बापांनी, आज्यांनी, शेजारणींनी मुलं सांभाळली. अजून पुरत्या न सावरलेल्या केंद्रांनी जादा तास दारं उघडी ठेवली. नवी व्यवस्था बाळसं धरायच्या आतच तिची अशी परीक्षा झाली.

नव्वदीच्या दशकात निकाल दिसू लागले. रँड या संशोधन संस्थेच्या गेल झेलमन आणि अ‍ॅन जोहान्सन यांनी १९९८ मध्ये अंमलबजावणीचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरी सोडण्याचं प्रमाण तीस टक्क्यांच्या खाली आलं. २००० सालच्या सुमारास सैन्याच्या पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास केंद्रांना राष्ट्रीय मानांकन मिळालेलं होतं, तेव्हा नागरी वस्तीतल्या केंद्रांमध्ये ते प्रमाण आठ टक्क्यांच्या घरात होतं. १७ एप्रिल १९९७ रोजी व्हाइट हाउसमध्ये बालविकासावर परिषद भरली, त्या दिवशी अध्यक्ष क्लिंटन यांनी संरक्षण खात्याला लेखी आदेश दिला की हा अनुभव नागरी पाळणाघरांनाही द्यावा. दहा-बारा वर्षांपूर्वी ज्यांची लक्तरं वेशीवर टांगली गेली होती, त्यांच्याकडे आता देश शिकायला येणार होता.

सैनिकाच्या बायकोच्या दृष्टीनं या व्यवस्थेचा आणखी एक मोठा लाभ आहे, त्याविषयी फार कमी बोललं जातं. दर दोन-तीन वर्षांनी बदली. बाई शिक्षिका असो की हिशेबनीस, नव्या राज्यात गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बालविकास केंद्रातल्या नोकऱ्यांत सैनिकाच्या जोडीदाराला कायद्यानंच प्राधान्य मिळालं. एका तळावर झालेलं प्रशिक्षण पुढच्या तळावर ग्राह्य धरलं जातं. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी घरगुती पाळणाघराची सोय आहे. तळावरच्या आपल्या घरात, स्वतःच्या मुलांसह जास्तीत जास्त सहा मुलं सांभाळायची. त्यासाठी प्रशिक्षण घ्यायचं, घराची तपासणी करून घ्यायची, विमा उतरवायचा. अडनिड्या वेळी कामावर जाणाऱ्या सैनिकांना ही घरं फार उपयोगी पडतात. एरवी नवऱ्याच्या हुद्द्यावरून ओळखली जाणारी बाई इथे स्वतःच्या प्रमाणपत्रावर ओळखली जाते.

मग स्वयंसेवकांचं काय झालं? त्यांची गरज संपली नाही, त्यांना नेमकी जागा मिळाली. पगारी बाईच्या जागी फुकटची बाई उभी करायची, हे थांबलं. पालकांच्या सहभागाचा कार्यक्रम प्रत्येक केंद्रात असलाच पाहिजे, असं कायदा सांगतो, आणि जे पालक त्यात वेळ देतील त्यांची फी कमी करण्याची मुभाही देतो. कुणी गोष्ट वाचून दाखवतं, कुणी बाग करतं, कुणी सहलीला बरोबर जातं. स्वयंसेवेचं मोल कायद्यानं रोखीत मोजलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. २००१ नंतरच्या अफगाणिस्तान आणि इराकच्या लांबलेल्या मोहिमांत प्रत्येक तुकडीमागे कुटुंबांचे स्वयंसेवी गट उभे राहिले. बाळ जन्मलं तेव्हा बाप परदेशी, परत आला तेव्हा बाळ त्याला ओळखत नाही, अशी घरं हजारोंनी होती. नव्या आईबापांच्या घरी परिचारिका आणि समाजसेविका भेटीला जात. २००६ मध्ये ‘सेसमी स्ट्रीट’च्या निर्मात्यांनी सैनिकांच्या मुलांसाठी चित्रफीत काढली, त्यात लाडक्या एल्मोचा बाबाच कामगिरीवर जातो. मेन राज्याच्या नॅशनल गार्डनं बापाचं कमरेपर्यंतचं माणसाएवढं छायाचित्र पुठ्ठ्यावर चिकटवून घरोघर दिलं. ते जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसवलं जाई, गाडीत शेजारी ठेवलं जाई. काही जाणत्यांनी नाकं मुरडली. पण दोन वर्षांच्या मुलाला ‘दूर’ म्हणजे काय हे शब्दांनी कळत नाही, चेहरा दिसला तर कळतो.

सारं सुरळीत आहे असं मुळीच नाही. अनेक तळांवर प्रतीक्षायादी लांबलचक आहे. इमारत आहे पण बायका मिळत नाहीत म्हणून खोल्या बंद, असंही घडतं. बाहेर पगार वाढले की इथली माणसं जातात, हा जुना आजार पूर्ण गेलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये संरक्षण खात्यानं यावर एक उपाय केला. केंद्रात काम करणाऱ्या व्यक्तीच्या पहिल्या मुलाच्या फीमध्ये किमान पन्नास टक्के सवलत दिली. दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या बाईला स्वतःचं मूल कुठे ठेवायचं याची विवंचना असते, हे ध्यानात यायला एवढी वर्षं लागली.

आपल्याकडे पाहिलं तर सैनिकांच्या कुटुंबांसाठीचं काम आणि बालसंगोपन हे दोन्ही धागे आहेत, फक्त ते एकत्र गुंफलेले नाहीत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेत आहे. ‘आर्मी वाइव्ह्ज वेल्फेअर असोसिएशन’ १९६६ मध्ये नोंदली गेली, आणि जवानांच्या पत्नी, वीरनारी, विशेष गरजा असलेली मुलं यांच्यासाठी तिचं काम चालतं. दुसरीकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जी बालवाडी पाड्यातल्या अंगणात नेली, तिच्यातून अंगणवाडीची कल्पना देशानं घेतली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. पण अंगणवाडीताईच्या हातात पडतं ते ‘मानधन’. ती कर्मचारी आहे की स्वयंसेविका, हा वाद न्यायालयात गेला. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविका आणि मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निर्णय दिला. त्यानंतरही डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ या काळात महाराष्ट्रातल्या अंगणवाडीताईंना पन्नास दिवसांहून जास्त संपावर राहावं लागलं. ज्या कामाला आपण पुण्याचं म्हणतो, त्याचे पैसे देताना आपला हात आखडतो, हे मान्य करायला हवं.

या स्मरणिकेचे वाचक बहुतेक कुठल्या ना कुठल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत, बालवाड्या चालवतात, माजी सैनिकांच्या संघटनांत आहेत. माझी त्यांना विनंती आहे. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाला बसाल तेव्हा रंगरंगोटी, वार्षिकोत्सव आणि छपाई यांच्या आधी बाईंच्या पगाराची आणि प्रशिक्षणाची रक्कम लिहा, प्रशिक्षण पूर्ण केल्यावर पगार किती वाढेल ते त्यांना नेमणुकीच्या दिवशीच लेखी द्या. गावात कुणी फौजी बदलीवर किंवा सीमेवर असेल, तर त्याचं लहान मूल तुमच्या बालवाडीत यावं म्हणून आपण होऊन त्याच्या घरी जा. आणि स्वयंसेवेला येणाऱ्याला गोष्ट सांगायला, बाग करायला, मुलांबरोबर गायला बोलवा. बाईंची सुट्टी भरून काढायला नको.